समक्ष खात्री केली

पुणे, ६ ऑगस्ट २०२४

चैताली,

पाकिटावरच्या अक्षरावरून पत्र कुणाचं ते तुला कळलंच असेल. तरीही फोडलं असशील तर आधी त्याबद्दल आभार. व्हॉट्सअ‍ॅपवर मी तुला दोनदा लिहून पाहिलं, पण तिथे माझ्यासाठी दार बंद आहे. मग लातूरच्या तुझ्या कॉलेजचा पत्ता शोधला. काम नसतं तर लिहिलं नसतं, हे आत्ताच सांगून टाकते. तुला गोड बोलणं कधीच आवडलं नाही आणि मला ते जमलंही नाही.

आपल्या वसतिगृहात सध्या रेहेमा नावाची एक मुलगी आहे. टांझानियातल्या डोडोमाची, एम.एस्सी. संख्याशास्त्र, दुसरं वर्ष. मागच्या विंगमध्ये तळमजल्यावर अकरा नंबरच्या खोलीत एकटी राहते. जुलैच्या शेवटी तिच्याविरुद्ध एक अर्ज आला, एकतीस मुलींच्या सह्यांचा. तिच्या खोलीत पांढरी पूड असते, बाहेरची माणसं येतात, उग्र वास येतो. ‘नशेचे पदार्थ’ हे शब्द अर्जात नाहीत, पण वाचणाऱ्याला ते दिसावेत अशी व्यवस्था आहे. ऑफिसच्या नोंदवहीतही तशा अर्थाची नोंद सापडली. त्यावरून चौकशी समिती नेमली आणि रेहेमाला महिनाअखेर खोली सोडायची नोटीस दिली. चौकशीत ती दोषी ठरली तर परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाला पत्र जाईल. तिचा व्हिसा सप्टेंबरअखेर संपतो. वाढवून मिळाला नाही, तर शेवटचं वर्ष अर्धवट टाकून तिला परत जावं लागेल.

काही मुलामुलींनी तिच्यासाठी एक गट केला आहे. वसतिगृहाच्या भेटीच्या खोलीत संध्याकाळी पाच वाजता बसतात. एम.ए.ची अस्मिता म्हणून एक मुलगी त्यात पुढे आहे. ती जुन्या फायली चाळायला माझ्याकडे आली होती. आवक नोंदवहीत २०१६ च्या तुझ्या अर्जाचा क्रमांक आहे, पण फायलीत तो अर्ज नाही. मुलांना तो हवा आहे. तुझ्याकडे प्रत असेल तर पाठवशील का? विंगांच्या वाटपाबद्दल तू तेव्हा जे लिहिलं होतंस, त्याचा रेहेमाला उपयोग होईल असं अस्मिताचं म्हणणं आहे.

खोल्यांची ती यादी तेव्हा वरून आली होती, हे तुला ठाऊकच आहे.

मी बरी आहे. जानेवारीत निवृत्त होते. श्यामच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. आता तो बसून सूचना करतो, म्हणजे पूर्वी उभ्याने करायचा त्याच.

नीरजा


पुणे, १९ ऑगस्ट २०२४

चैताली,

उत्तर आलं नाही. येईल असं धरून चालले नव्हते, तरी पोस्टमन जिन्याशी आला की कान तिकडे जातात.

तुला मुलांचं थोडं सांगते. पहिल्या बैठकीला मी खोलीचं कुलूप उघडायला गेले आणि दाराशी उभी राहिले. तिथे एक अनिरुद्ध आहे, कोथरूडचा, बोलण्यात हुशार. त्याने वंशद्वेषाविरुद्धच्या चळवळीची ‘मार्गदर्शक मूल्यं’ अशी तीन पानं टाइप करून आणली होती. अर्धी इंग्रजीत. त्यातली वाक्यं इतकी सुंदर होती की कुणाला उद्या सकाळी उठून काय करायचं ते कळेना. शिवाय त्याने पोस्टर केलं होतं, रेहेमाचा फोटो आणि खाली ‘आम्ही सगळे रेहेमा’.

रेहेमा तिथेच बसली होती. उंच मुलगी आहे, बसतानाही पाठ ताठ. तिने पोस्टर नीट पाहिलं, गुंडाळलं आणि त्याच्या हातात दिलं. हिंदी-इंग्रजीत ती जे बोलली त्याचा अर्थ असा: “रेहेमा एकच आहे आणि तिची परीक्षा आहे. मला पोस्टर नको. माझी खोली हवी. तुम्ही माझ्यासाठी काही करणार असाल तर आधी मला विचारा.”

अनिरुद्धचा चेहरा पडला. पण मुलगा बरा आहे. त्याने ती तीन पानं उलटी केली आणि कोऱ्या बाजूवर पहिलं वाक्य लिहिलं, मराठीत: ज्याच्यावर बेतलं आहे त्याला विचारल्याशिवाय पाऊल उचलायचं नाही. मग पुढच्या बैठकांना एकेक वाक्य भांडून-भांडून वाढत गेलं. सह्या करणाऱ्या एकतीस जणींची नावं इन्स्टाग्रामवर टाकायची असं अनिरुद्धचं मत होतं. अस्मिता नको म्हणाली. त्या एकतीस जणी उद्याही इथेच राहणार आहेत, रेहेमाच्याच नळावर पाणी भरणार आहेत, त्यांना शत्रू करून रेहेमाला काय मिळणार? त्यापेक्षा ती दारोदार गेली. नऊ जणींनी अर्ज न वाचताच सही केली होती. मैत्रिणीने पुढे केला म्हणून. त्यांनी सह्या मागे घेतल्या. एकीने दार लावून घेतलं. एक जण रडली. अस्मिता तिला म्हणे सांगून आली की रडणं झालं की खाली ये, कागद तयार आहे.

एक वाक्य मात्र मला जड गेलं. ‘स्वतः पाहिलं नाही ते लिहायचं नाही.’ ते लिहिताना अस्मिताने माझ्याकडे पाहिलं नाही. नोंदवही तिने वाचलेली होती, तरी पाहिलं नाही.

मागच्या पत्रात मी लिहिलं की ऑफिसच्या नोंदवहीत नोंद ‘सापडली’. ऑफिस म्हणजे कोण, हे तुला विचारावंसं वाटलं असेल. ऑफिस म्हणजे मी. जुलैत दुपारी दोन मुली आल्या, त्यांनी सांगितलं, मी वही ओढली आणि लिहिलं: ‘खोली क्र. ११. पांढरी पूड आढळली. बाहेरच्यांची ये-जा. उग्र दर्प. समक्ष खात्री केली.’ मी खोलीत गेले नव्हते. तेहतीस वर्षं प्रत्येक नोंदीखाली ते तीन शब्द लिहायची हाताला सवय आहे. गळक्या नळाखालीही मी ते लिहिते. पण नळाच्या बाबतीत मी प्लंबर तरी पाठवते.

कुणालाही अजून सांगितलेलं नाही. श्यामलाही नाही.

नीरजा


पुणे, २ सप्टेंबर २०२४

चैताली,

या पत्राबरोबर एक जाड पाकीट आहे. ते आधी उघडू नकोस, आधी हे वाच.

शनिवारच्या बैठकीत अनिरुद्ध रंगभेदाबद्दल छान बोलत होता. परदेशातली उदाहरणं, इथल्या घरमालकांनी आफ्रिकेच्या मुलांना दिलेले नकार, ईशान्येकडच्या मुलींना रिक्षावाले काय म्हणतात ते. सगळे माना डोलवत होते. मग अस्मिता म्हणाली, “रंगाबद्दल आपण मोकळेपणी बोलतो, कारण ते आपल्याला बाहेरचं वाटतं. मागच्या विंगबद्दल बोलायचं म्हटलं की सगळे चहाला उठतात.”

आणि खरोखर दोघं उठलेले होते. ते परत बसले.

तिने मग आपलं सांगितलं. पहिल्या वर्षी तिलाही मागची विंग मिळाली होती. तिची आई पिंपरीत नर्स आहे, आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. घरात तिला कुणी कधी मान खाली घालायला शिकवलं नाही. इथे आल्यावर पहिल्या आठवड्यात तिच्या लक्षात आलं की धुणं वाळत घालायच्या जागेशेजारच्या त्या बारा खोल्यांत शिष्यवृत्तीवाल्या, मणिपूरच्या आणि आफ्रिकेतल्या मुली आहेत आणि वरच्या मजल्यांवर बाकीच्या. हा योगायोग असेल तर तो दरवर्षी जूनमध्ये न चुकता येतो, असं ती म्हणाली. रेहेमाने तिच्याकडे मान वळवून पाहिलं. वर्षभर एका छपराखाली राहून ही गोष्ट दोघींनी एकमेकींना कधी सांगितलेली नव्हती.

मी काल दुपारी अकरा नंबरला गेले. जिथे जुलैत जायचं होतं तिथे सप्टेंबरात. रेहेमाने दार उघडलं, आत ये म्हणाली नाही आणि जाही म्हणाली नाही. मी विचारलं, ती पांढरी पूड दाखवशील का. तिने खाटेखालून स्टीलचा डबा काढला. पांढरं मक्याचं पीठ. कोंढव्यातल्या एका दुकानातून आणते. तिच्या देशाची मुलं रविवारी जेवायला येतात, तीच ती ‘ये-जा’. ‘उग्र दर्प’ म्हणजे सुकी मासळी. विद्युत शेगडीला नियमाने बंदी आहे, हे तिने स्वतःच कबूल केलं. बंदी सगळ्यांनाच आहे, आणि वरच्या मजल्यावर मॅगी कशावर होते ते मला तेहतीस वर्षं माहीत आहे.

तिने पाणी उकळून त्यात पीठ वैरलं आणि लाकडी उलथन्याने घोटलं. आपल्या उकडीच्या वळणाचं असतं, फक्त घट्ट आणि अळणी. उगाली म्हणतात. तिने माझ्यापुढे ताटली ठेवली. खाल्लं. खाताना मी तिला सांगितलं की नोंद माझी होती. तिला ते माहीत होतं. खाली सही होती ना. तिने एवढंच विचारलं की तुम्ही का आला नाहीत, वीस पावलं तर आहेत. मी ताटली उचलून धुवायला घेतली.

तुला मात्र उत्तर द्यायलाच हवं, म्हणून लिहिते.

२०१६ मधली यादी वरून आलेली नव्हती. ती मी केली होती. आधीच्या अधीक्षकबाईंनी मला सांगितलं होतं की पालकांच्या कटकटी नको असतील तर आडनावं बघून खोल्या लाव. आणि तोवर मी सहा वर्षं तशा लावल्या होत्या, पेन्सिलीने आधी खुणा करून; नंतरही तशाच लावत राहिले. तू आलीस, सहायक अधीक्षक म्हणून, करारावर. दुसऱ्याच वर्षी तुझ्या ते लक्षात आलं. तू आधी माझ्याकडे आलीस, चहा घेत विचारलंस. मी म्हणाले, छे गं, गुणवत्तेनुसार लागते. तू अर्ज दिलास. समितीने मला बोलावलं. तिथेही मी तेच बोलले. त्यांनी ‘गैरसमज’ असा शेरा मारला आणि तुझा करार पुढे वाढला नाही. जाताना तू किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्यास आणि मोजून घ्या म्हणालीस. मी खरोखर मोजल्या.

आणि फायलीतला तुझा अर्ज. तो माझ्याकडेच होता. पुढच्या वर्षी तपासणी होती, म्हणून मी तो घरी आणला आणि कपाटात पैठणीखाली ठेवला. पहिल्या पत्रात मी तुझ्याकडे प्रत मागितली, ती यासाठी की तो अर्ज माझ्या हातून बाहेर यायला नको. आठ वर्षांनंतरही तुझ्याच खांद्यावर बंदूक ठेवत होते.

जाड पाकिटात तो मूळ अर्ज आहे. तो तुझा आहे. मी झेरॉक्स काढून ठेवली आहे, पण तुझ्या परवानगीशिवाय मुलांना देणार नाही. हे मी मुलांकडूनच शिकले. नोटिशीची मुदत समितीने वाढवली आहे, कारण गणपतीत कुणाला वेळ नाही. सुनावणी विसर्जनानंतर, शुक्रवारी वीस तारखेला आहे. तोवर तुझं उत्तर आलं नाही तर ‘नाही’ असं समजेन.

नीरजा


पुणे, १३ सप्टेंबर २०२४

चैताली,

तुझं कार्ड मिळालं. ‘नीरजा मॅडम, अर्ज मुलांना द्या. माझं नाव झाकू नका. तुमचंही झाकू नका.’ पुढे सही. मी ते चार वेळा वाचलं. मॅडम हा शब्द लागला, आणि लागावा म्हणूनच लिहिला असणार.

गौरी जेवल्या त्या दिवशी मी श्यामला सगळं सांगितलं. पुरणपोळीचा घास हातात घेऊन तो ऐकत राहिला. मग म्हणाला, हे मला तेव्हा का नाही सांगितलंस? मी म्हटलं, तू काय केलं असतंस? थोडा वेळ विचार करून तो म्हणाला, गप्प बस म्हणालो असतो. त्याच्या या प्रामाणिकपणाचं मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

मुलांना झेरॉक्स दिली. अस्मिताने उभ्या-उभ्याच वाचली. तुझं अक्षर तिला फार आवडलं. एवढंच बोलली, बाकी काही नाही. अनिरुद्धला मात्र राहवलं नाही, त्याने मला विचारलं की तुम्ही हे आत्ता का देताय. अस्मिता त्याला म्हणाली, ते नंतर विचार, आधी पानं लाव.

नीरजा


पुणे, २१ सप्टेंबर २०२४

चैताली,

झालं. आधी तेच सांगते, म्हणजे तुला धाकधूक नको. रेहेमा राहते आहे.

आता क्रमाने. काल अकराला सुनावणी. समितीत तिघं, अध्यक्ष उपकुलसचिव दिग्विजय सर. माणूस सभ्य आहे. कुठलीही गोष्ट टोकाला जाऊ न देणं हेच आयुष्यभर त्यांचं काम. अर्ज देणाऱ्यांतल्या तिघी आल्या होत्या. त्यांना विचारलं, पूड कुणी पाहिली? एकीने दुसरीकडे पाहिलं, दुसरीने तिसरीकडे, आणि तिसरी म्हणाली की ऑफिसच्या वहीत तसं लिहिलंय. म्हणजे त्यांच्यातल्याच दोघी माझ्याकडे येऊन सांगून गेल्या, मी लिहिलं, आणि आता माझं लिहिणं हाच त्यांचा पुरावा झाला होता.

त्यानंतर सुंदराबाईंनी सांगितलं. आठवतात ना, झाडलोट करणाऱ्या, मुळशीकडच्या. त्यांना बोलवा असं मुलांनी लेखी दिलं होतं. आजवर कुठल्याही चौकशीत त्यांना कुणी खुर्ची दिलेली नव्हती. पदर खोचून त्या बसल्या आणि म्हणाल्या, “मी रोज तिथं झाडते साहेब. पीठ हाय ते, मक्याचं. मला दिलं होतं तिनं वाटीभर. भाकरी करून बघितली, होत न्हाई, तुटती.”

दिग्विजय सरांनी हे लिहून घेतलं, ‘भाकरी तुटते’ यासकट.

मग माझी पाळी. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही तोंडात आलं नाही. म्हटलं, “नोंद माझी आहे. मी खोलीत गेले नव्हते. ‘समक्ष खात्री केली’ हे खोटं आहे.”

सर म्हणाले, “मॅडम, शब्द जपून वापरा. ‘अनवधानाने’ असं लिहू या का?”

“नको. अनवधानाने पेन चालत नाही.”

ते थोडं पुढे झुकले आणि हळू आवाजात मला आठवण करून दिली की माझ्या निवृत्तीला चार महिने राहिले आहेत. धमकी नव्हती ती. ते खरोखर माझी काळजी करत होते. आणि चैताली, याला शूरपणा म्हणू नकोस. चार महिने राहिलेल्या बाईला शूर होणं स्वस्त पडतं. तुझा तेव्हा करार होता आणि घरी आजारी वडील होते.

मग मी तुझ्या अर्जाची झेरॉक्स टेबलावर ठेवली आणि यादीचं सांगितलं. पेन्सिलीच्या खुणांसकट. सर म्हणाले, हा आजच्या सुनावणीचा विषय नाही. तेव्हा अस्मिता उभी राहिली. आवाज अजिबात न चढवता म्हणाली, “सर, अकरा नंबरची खोली त्याच विंगमध्ये आहे. हा अर्ज तेव्हा वाचला असता तर आज आपण कुणीच इथे बसलो नसतो.”

सरांनी अर्जाची पानं उलटून पाहिली. शेवटी समितीतल्या एक प्राध्यापक बाई म्हणाल्या की अर्ज दप्तरी घ्या. सरांनी शिक्का मारला. तुझ्या अर्जावर आठ वर्षांनी दुसरा शिक्का पडला. पहिला आवक होता, हा ‘पुनर्विचारार्थ’.

चार वाजता निर्णय हातात आला. तक्रारीत तथ्य नाही, नोटीस रद्द, नोंदवहीतला शेरा खोडून सुधारित नोंद करावी, नोंदणी कार्यालयाला कोणतंही प्रतिकूल पत्र जाऊ नये. व्हिसावाढीच्या कागदावर सरांनी तिथेच सही केली. मला कारणे दाखवा नोटीस मिळेल. मिळू दे. कारणं आता माझ्याकडे भरपूर आहेत.

रेहेमाने कागद घेतला, पायरीवर बसली, चपला काढल्या आणि हसायला लागली. आधी थोडं, मग जोरात. अस्मिता तिच्याशेजारी बसून तिच्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती. अनिरुद्ध तेवढा रडला. मग रेहेमाने आईला फोन लावला आणि त्यांच्या भाषेत बराच वेळ बोलली. त्यात माझं नाव दोनदा आलं. कशा संदर्भात ते मी विचारलं नाही. फोन ठेवून ती माझ्याजवळ आली. “मी तुमच्यावर रागावलेली आहे,” ती म्हणाली, “पण आधी मला भूक लागलीय.” सगळे मिळून समोरच्या हॉटेलात डोसा खायला गेले. मला कुणी बोलावलं नाही आणि ते योग्यच होतं.

घरी येऊन मी संध्याकाळी साडेसातला झोपले ते सकाळी उठले. गेल्या कित्येक वर्षांत अशी झोप लागली नव्हती. श्यामने दोनदा येऊन श्वास चालू आहे का ते पाहिलं म्हणे.

नीरजा


पुणे, १४ ऑक्टोबर २०२४

चैताली,

तुझं पत्र आलं. या वेळी पाकीट, आणि आत पूर्ण पान. तुझा प्रश्न एकच आहे. ‘तेव्हा तुम्ही घाबरला होतात की तुम्हाला ते पटलं होतं?’ नोव्हेंबरात तू पेपर तपासायला पुण्यात येणार आहेस आणि भेटायचं की नाही हे उत्तरावरून ठरवणार आहेस.

घाबरले होते असं लिहिलं तर तू येशील. म्हणून दोन दिवस पेन उचललं नाही.

मला ते पटलं होतं. शनिवार पेठेतल्या आमच्या घरी पाहुण्यांचे कप आणि कामवाल्या बाईंचा कप वेगळा असायचा आणि त्याला कुणी काही नाव दिलेलं नव्हतं. खुणा करताना हात थरथरला असं एकदाही झालं नाही. मी ती सोय समजत होते. तुला डबा खायला मी माझ्या टेबलावर बसवायचे आणि त्याबद्दल मनातून स्वतःची पाठ थोपटायचे. भीती नंतर आली, तू प्रश्न विचारलास तेव्हा. पटलेलं आधीपासून होतं.

आता पटत नाही. पण हे मी आता म्हणतेय, म्हणून त्याला तू किती किंमत द्यायची ते तुझं तू ठरव. उत्तर असं असल्यामुळे आली नाहीस, तर मी समजून घेईन.

बाकी बातमी अशी की कारणे दाखवा नोटिशीला मी दीड पान उत्तर दिलं. सेवापुस्तकात ठपक्याची नोंद झाली. पुढच्या सत्रापासून खोल्या चिठ्ठ्या टाकून द्यायच्या, असा ठराव झाला आहे. तुझ्या अर्जातली चौथी मागणी होती तीच.

नीरजा


पुणे, १ डिसेंबर २०२४

चैताली,

सुखरूप पोचलीस हे अस्मिताकडून कळलं.

तू येशील असं शेवटपर्यंत वाटत नव्हतं. ऑफिसच्या दारात दिसलीस तेव्हा मी उठले आणि तुझ्यासाठी खुर्ची पुढे ओढली. तू बसली नाहीस. म्हणालीस, आधी मागची विंग बघते. बारा खोल्यांपुढून तू एकटी चालत गेलीस. सुंदराबाईंनी तुला ओळखलं आणि हातातला झाडू ठेवून तुझे दोन्ही हात धरले. मी लांब थांबले होते.

मुलांच्या कागदाचं तुला पुन्हा एकदा सांगायला हवं, कारण तू गेल्यावर बराच वाद झाला. अनिरुद्धला ते शेवटचं वाक्य फार प्रिय होतं: ‘आम्ही सर्वांना सामावून घेऊ.’ तू पेन मागितलंस आणि त्यावर रेघ मारलीस. “घर तुमचं आहे आणि तुम्ही जागा करून देताय, असं वाटतं,” तू म्हणालीस. खाली लिहिलंस, ‘इथे सगळे आधीपासूनच आहेत.’ तू गेल्यावर अनिरुद्ध म्हणाला, हे मूल्य कसं होईल, ही तर नुसती माहिती झाली. रेहेमा म्हणाली, तीच माहिती कुणाला नव्हती. तेव्हा ते राहिलं. आता कागद भेटीच्या खोलीत लावला आहे, हाताने लिहिलेला, खाडाखोडीसकट.

स्वारगेटला तू जे बोललीस ते मी जपून ठेवणार आहे. माफ केलं असं म्हणणार नाही म्हणालीस. पण तुमच्यावर रागावून राहायचं काम आता संपलं, ते फार वर्षं केलं, म्हणालीस. मी काही बोलणार तेवढ्यात लातूरची गाडी लागली. बरंच झालं. मी नक्की काहीतरी चुकीचं बोलले असते.

काल चिठ्ठ्या काढल्या. पितळी पातेल्यात नावं आणि रेहेमाच्या हातून. वरच्या मजल्यावरच्या काही मुली खाली आल्या, खालच्या वर गेल्या. एक-दोघींनी तोंडं वाकडी केली, बाकीच्यांना गाद्या उचलण्यापुढे त्याचं काही पडलं नव्हतं. दिवसभर जिन्यात इतका गोंगाट होता की मला कुणालाही ओरडता आलं नाही.

आज सकाळी सांगलीहून एका वडिलांचा फोन आला. आवाज अगदी अदबीचा. अशा आवाजातले फोन मी तेहतीस वर्षं घेतले आहेत आणि पुढची पेन्सिलीची खूण कुठे करायची ते मला त्यावरूनच कळायचं. म्हणाले, मॅडम, आमच्या मुलीच्या खोलीत कोण आहे, जरा कुठली आहे, घरचं कसं आहे, सांगता का.

मी म्हटलं, “एम.एस्सी.ची आहे, लवकर उठते, गणित चांगलं आहे. बाकीचं तुमच्या मुलीलाच विचारा. पण आत्ता नको. दोघी मंडईत गेल्या आहेत, बादली आणायला.”

नीरजा